शिधा मोजणारे कारकून आणि सीमेवरची मुलं

मंडळी, मोन्झेन-नाकाचोच्या तोमिओका हाचिमान देवळात मुलांना नेलं असेल, तर तिथे चालायला निघालेल्या एका माणसाचा पुतळा पाहिला असेल. हा इनो तादाताका. 1800 साली, पंचावन्नाव्या वर्षी, आपल्या याच कोतोमधून तो एझो, म्हणजे आजचं होक्काइदो, पायी मोजायला निघाला.

त्याच वर्षी हाचिओजीहून शंभर माणसं एझोला गेली. रशियाची धास्ती होती, म्हणून शेती करायची आणि पहाराही द्यायचा. थंडीने आणि आजाराने कितीतरी मेले. त्यांतल्या एकाची बायको उमे तान्हं बाळ मागे ठेवून 1803 साली वारली. तिचं भूत रात्री बाळासाठी दूध मागत फिरतं, अशी दंतकथा आहे. तोमाकोमाईत तिचा पुतळाही आहे.

शिपायानेच नांगर धरायचा ही युक्ती मूळची चीनची. हान काळात वायव्य सीमेवर धान्य पोचवता पोचवता राज्य मेटाकुटीला यायचं. इ.स.पू. 61 मध्ये सत्तरी ओलांडलेल्या चाओ छुंगकुओ या सेनापतीने बादशहाला हिशेबच मांडून दिला: घोडदळ परत पाठवा, 10,281 माणसं ठेवा, माणशी 20 मू जमीन द्या. आपल्याकडेही गडाच्या घेऱ्यातल्या रामोशी-कोळी-महारांना राखणीबद्दल इनाम जमिनी असायच्याच की. पण चिनी कारकुनांची चिकाटी वेगळीच!

गोबीच्या कडेला जुयेन इथे 1930 च्या सुमारास हान काळातल्या दहा हजारांवर लाकडी पट्ट्या सापडल्या. त्यांत चौकीवरच्या शिपायांच्या कुटुंबांच्या शिध्याच्या याद्या आहेत. बायको, मुलगा, मुलगी, वय, आणि महिन्याचं धान्य. सात ते चौदा वर्षांच्या मुलाला आईइतकंच, म्हणजे साधारण 2.16 शि. त्याच वयाच्या मुलीला 1.66, आणि तेवढंच सात वर्षांखालच्या मुलाला. सात वर्षांखालच्या मुलीला 1.16. मुलगी असलेल्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचा. घरच्यांना खायला नसेल तर सीमेवर शिपाई टिकत नाही, हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर पोरंही दफ्तरात आली.

चीनमध्ये या व्यवस्थेला थुन-थ्येन म्हणत. तीच दोन अक्षरं जपानीत 'तोन्देन' अशी वाचतात. मेइजी सरकारने 1874 साली तोन्देन-हेइ, म्हणजे शेतकरी-शिपाई, अशी फौज उभारली. पुढच्याच वर्षी साप्पोरोजवळ कोतोनीत (नावात कोतो आहे, आपल्या कोतोशी संबंध नाही) 198 कुटुंबं उतरली. बरेचसे ईशान्य जपानचे, नुकतेच लढाई हरून उपजीविका गमावलेले सामुराई. एकट्याने यायचं नाही, कुटुंब हवंच, हा नियम. पहिली तीन वर्षं तांदूळ मिळायचा, आणि तोही वयाप्रमाणे: पंधरा व त्यापुढचे, सात ते चौदा, आणि सातच्या आतले. दोन हजार वर्षांनी वयाच्या रेषा त्याच!

जमीन मात्र रिकामी नव्हती, आइनू लोकांची होती. मुलांना सांगताना हे वगळू नका.

1904 मध्ये ही व्यवस्था बंद झाली. सुट्टीत साप्पोरोला जाणार असाल तर कोतोनीत त्यांतलं एक घर जपून ठेवलंय. साडेसतरा त्सुबोचं लाकडी घर, मधोमध चूल. तिथली थंडी आठवत आत शिरा.