मागच्या सीटचा बेल्ट अडकलाय? गॅरेजला जाण्याआधी हे करून बघा

पुणे : गावाकडून पुण्याला दवाखान्यात, लग्नाला किंवा मुलांच्या ॲडमिशनला जाताना अख्खं घर एका गाडीत बसतं. पुढचे दोघे बेल्ट लावतात. मागचा बेल्ट मात्र ओढला तर येत नाही, आला तर परत जात नाही. मग "राहू दे, मागं कशाला लागतोय" म्हणून विषय संपतो.

पण मागे लागतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी यांचा मृत्यू झाला. दोघेही मागच्या सीटवर होते आणि दोघांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात समोर आलं. पुढे बसलेले दोघे वाचले.

बेल्ट का अडकतो?

पट्टा आत एका रिळावर गुंडाळलेला असतो. जोरात हिसका बसला, गाडीला जोरात ब्रेक लागला किंवा गाडी जास्त कलली की रीळ लॉक होतं. त्यामुळे उतारावर गाडी उभी असेल तर चांगला बेल्टही ओढला जात नाही. तो बिघाड नाही.

दुसरं कारण आपलंच. कांद्याची गोणी किंवा सामान न्यायला मागची सीट पाडतो. परत उभी करताना पट्टा सीटच्या मागे किंवा खटक्यात दाबला जातो. तिसरं कारण म्हणजे धूळ, घाम आणि चिखल बसून पट्टा कडक होणं, किंवा तो वरच्या कडीत पिळला जाणं.

घरी काय करायचं?

१. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करा.

२. सीट पाडून पुन्हा उभी करा. पट्टा कुठे दाबला गेलाय का, पीळ पडलाय का ते मोबाईलच्या टॉर्चने बघा.

३. पट्टा थोडा आत जाऊ द्या, मग सावकाश, सरळ ओढा. हिसके देऊ नका.

४. तरी येत नसेल तर पट्टा दोन्ही हातांनी धरून एकदा घट्ट ओढा आणि लगेच सैल सोडा. लॉक सुटतं. मग हळूहळू बाहेर काढा.

५. आत जात नसेल तर पट्टा पूर्ण बाहेर काढून चिमट्याने अडकवून ठेवा. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पुसा आणि सावलीत पूर्ण वाळवा. ओला पट्टा आत सोडू नका.

६. बक्कल लागत नसेल तर आत शेंगदाणा, नाणं, बिस्किटाचा चुरा अडकलाय का बघा. गाडी उलटी-सुलटी न खोचता चिमट्याने किंवा पंक्चरवाल्याकडच्या हवेने साफ करा.

हे करू नका

रिळात तेल, ग्रीस, पेट्रोल घालू नका. ब्लीचने पट्ट्याचे धागे कमजोर होतात. रीळ खोलू नका, आत ताणलेली स्प्रिंग असते. काही गाड्यांत अपघातावेळी पट्टा आवळणारा छोटा स्फोटक भागही असतो. फाटलेला पट्टा शिवून वापरू नका. मोठ्या अपघातात वापरला गेलेला बेल्ट बदलूनच घ्या. जुन्या बाजारातला बेल्ट स्वस्त मिळेल, पण तो कोणत्या अपघातातून आलाय ते कळत नाही.

दुरुस्त झाला हे कसं ओळखायचं?

सावकाश ओढल्यावर पट्टा पूर्ण यावा. झटका दिल्यावर जागीच थांबावा. सोडल्यावर पूर्ण आत जावा. बक्कल 'खट्' आवाजाने बसावं आणि ओढून निघू नये. यातलं एकही जमलं नाही तर सर्व्हिस सेंटर गाठा. झटक्याने न थांबणारा बेल्ट नसल्यासारखाच आहे.

दंड किती?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार बेल्ट न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. प्रवाशांनी लावला नसेल तरी जबाबदारी चालकावर येते. १४ वर्षांखालील मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तरी तेवढाच दंड होतो.

पुढच्या वेळी पुण्याला निघण्याच्या आदल्या दिवशी मागचे बेल्ट एकदा ओढून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.