पुन्हा न भेटणारा दोष

गणकयंत्राचा इतिहास सांगताना बहुधा त्याच्या वेगाचे गोडवे गायिले जातात. परंतु त्या इतिहासात एक प्रकरण भीतीचेही आहे आणि माझ्या मते तेच अधिक बोधप्रद आहे. यंत्र बिघडेल, ही ती भीती नव्हे. बिघाड होईल, पण तो पुन्हा दाखविता येणार नाही, ही ती भीती होय.

मूळ अडचण अशी. यंत्राचा हिशेब करणारा भाग अतिशय वेगवान, तर त्याला जोडलेली उपकरणे मंद. टंकयंत्राने एक अक्षर उमटवावे, तेवढ्या अवधीत यंत्राच्या शेकडो बेरजा व्हाव्यात. मग उपकरणाची वाट पाहत यंत्राने स्वस्थ का बसावे? यावर तोड निघाली ती ही की, यंत्राने आपले काम करीत राहावे आणि उपकरणाने आपले काम उरकताच त्याला हाक मारावी. या हाकेला ‘इंटरप्ट’, म्हणजेच व्यत्यय, असे नाव आहे.

पेढीवरचा कारकून लांबलचक रकान्याची बेरीज करीत आहे, अशी कल्पना करा. मध्येच गिऱ्हाईक हाक मारते. कारकून कोणत्या ओळीवर होतो ते लक्षात ठेवतो, गिऱ्हाइकाला वाटेला लावतो आणि पुन्हा बेरजेला लागतो. पण ‘हातचा’ किती होता हे तो विसरला, तर बेरीज चुकते. हाक आली तेव्हा हातचा काही नसेल, तर मात्र ती चुकत नाही. दुसऱ्या दिवशी तोच रकाना, तोच कारकून आणि बेरीज बरोबर! आता चूक शोधावयाची कोठे?

नेमका हाच प्रश्न १९५७ च्या सुमारास हॉलंडमध्ये एड्सगर डायक्स्ट्रा यांच्यापुढे उभा राहिला. ब्राम लूप्स्ट्रा व कारेल स्कोल्टेन हे त्यांचे सहकारी एक्स-१ नावाच्या गणकयंत्राची रचना करीत होते. त्यात व्यत्ययाची सोय करावी, असे त्यांनी सुचविले. डायक्स्ट्रा तेव्हा विशीत होते. ते घाबरले, हे त्यांनीच पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे. तोवरचे यंत्र तेच काम दिले की तसेच वागे. म्हणून चूक पुन्हा घडवून तिला पकडता येई. हाक केव्हा येईल याचा नेम नाही, अशा यंत्रात ती सोयच नाहीशी होणार होती. त्यांनी तीन महिने निर्णय लांबविला. शेवटी मित्रांनी त्यांची स्तुती करून त्यांना राजी केले.

मग त्यांनी जो मार्ग धरला, त्यात या प्रकरणाचे मर्म आहे. चूक घडेल तेव्हा पकडू, हे त्यांनी सोडून दिले. हाक कोणत्याही क्षणी येवो, यंत्राची स्थिती पुरेपूर जपून ठेवता येते आणि अडलेला हिशेब अचूक पुढे चालू होतो, हे त्यांनी आधी तर्काने पक्के करावयास घेतले. शिवाय ही आज्ञावली यंत्राच्या ज्या स्मृतीत बसावयाची होती, ती मागाहून पुसून बदलता येणारी नव्हती. या कामावरच त्यांचा १९५९ चा डॉक्टरेटचा प्रबंध उभा आहे.

पुढे आइंटहोव्हेन येथे त्यांनी व त्यांच्या लहानशा मंडळीने टी. एच. ई. ही कार्यप्रणाली रचली. तिचा वृत्तान्त १९६८ साली प्रसिद्ध झाला. तीत घड्याळाचा व्यत्यय सर्वांत खालच्या थरात बंदिस्त केला होता. वरच्या थरांना त्याची दखलच घ्यावी लागत नसे. तपासणीत पाचशे आज्ञांमागे एखादी किरकोळ चूक निघाली आणि प्रत्येक चूक दहा मिनिटांत सापडली, असे त्यांनी नमूद केले आहे.

आजच्या प्रणालींतही व्यत्ययांचे दुखणे आहेच. १९९१ साली सुरू झालेल्या लिनक्सच्या गाभ्यात प्रत्येक वाटेने किती हाका आल्या, याची नोंद असते. बिघाड हुडकणारा पहिल्याने ती नोंद पाहतो. एखाद्या वाटेच्या १,००,००० हाकांपैकी ९९,९०० हून अधिक हाका कोणाच्याच नाहीत असे ठरले, तर गाभा ती वाट बंद करतो. आरडाओरडा करणारे उपकरण असे मोजून सापडते. परंतु विसरलेला हातचा मोजून सापडत नाही. तो लाखात एकदा दगा देतो आणि त्याच्या वाटेची नोंद अगदी निर्दोष दिसते.

म्हणून दोषांचे हे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. जो वारंवार घडतो, त्याच्यावर पाळत ठेवावी. जो बोलावून येत नाही, त्याच्यासाठी पाळत व्यर्थ आहे. त्याला शिरकावच मिळू नये, अशी रचना आधी करावी लागते. डायक्स्ट्रा यांचा तीन महिन्यांचा नकार वरवर पाहता भित्रेपणा वाटेल. पण ज्याला त्या भीतीचे कारण इतके स्पष्ट दिसले, त्यालाच तिच्यावरचा उपायही सापडला.