रापाकिवी: 'भुसभुशीत दगड' आणि झारचा स्तंभ

१/५ सेंट पीटर्सबर्गमधील अलेक्झांडर स्तंभ १८३४ पासून उभा आहे. त्याचा सुमारे २५ मीटर उंचीचा दंड एकाच अखंड शिळेचा आहे. त्या खडकाच्या नावाचा अर्थ मात्र 'भुसभुशीत दगड' असा होतो.

२/५ हे नाव फिनिश आहे. 'रापा' म्हणजे चिखल, गाळ. 'किवी' म्हणजे दगड. आग्नेय फिनलंडमधील हा ग्रॅनाइट ऊन-पावसात जागोजागी झिजतो आणि त्याची खडी होते. लोकांनी पाहिले तेच नाव दिले.

३/५ स्वीडिश विद्वान ऊर्बान यार्ने यांच्या लिखाणात हा शब्द १६९४ मध्येच आढळतो. १८९१ मध्ये फिनिश भूवैज्ञानिक सेडेरहोल्म यांच्या जर्मन निबंधाने त्याला आंतरराष्ट्रीय परिभाषेत स्थान मिळाले.

४/५ तेथे अर्थ पालटला. आता 'रापाकिवी' ही संज्ञा झिजण्यावरून नव्हे, तर पोतावरून ठरते: पोटॅशियम फेल्डस्पारचे गोलसर स्फटिक आणि त्यांतील अनेकांभोवती प्लॅजिओक्लेजचे कडे. म्हणूनच युक्रेन आणि ब्राझीलमधील खडकांनाही हेच नाव लागते.

५/५ स्तंभाची शिळा फिनलंडमधील विरोलाहती येथील आहे. तेव्हा तो प्रदेश रशियन साम्राज्यात होता. साम्राज्याने शिळा नेली आणि स्तंभाला झारचे नाव दिले. खडकाला मात्र जगभर तेथील सामान्यांच्या बोलीतलेच नाव उरले.