सोयाबीनची दोन गावे

तीर्थक्षेत्री आलेल्या यात्रेकरूस क्षेत्रोपाध्याय ज्याप्रमाणे एका कुंडावरून दुसऱ्या कुंडाकडे नेतो आणि प्रत्येक ठिकाणी तेथील माहात्म्य सांगतो, त्याप्रमाणे जपानातील जुन्या शहरांतून परक्या प्रवाशांस पायी हिंडवून तेथील खाण्यापिण्याचे माहात्म्य सांगण्याचा एक व्यवसाय हल्ली चांगलाच भरभराटीस आला आहे. वाटाड्या पुढे चालतो, पाचदहा माणसे मागून चालतात; गल्लीतील एखाद्या लहान दुकानापाशी सर्वजण थांबतात, एक घास किंवा एक घोट घेतात, चार शब्द ऐकतात आणि पुढे निघतात. ह्या फेरीस जिव्हालौल्याचा छंद म्हणून कोणी नाक मुरडील. परंतु राजांच्या वंशावळींतून जो इतिहास कळत नाही, तो पुष्कळदा अशा दुकानांच्या ओळीतून कळतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि ह्या फेरीची एक वाट फिरून फिरून आमच्या वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूरच्या शिवारात येते, हे दाखविण्याचा ह्या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम जपानातील फेरी पाहू. पहिला मुक्काम तोफूवाल्याचा. तो सोयाबीन रात्रभर भिजवितो, वाटतो, उकळतो व गाळतो. चोथा उरतो त्यास ओकारा म्हणतात. तोही भाजीत घालून खातात, टाकीत नाहीत. गाळलेल्या दुधात तो निगारी, म्हणजे समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर मागे राहणारे कडू क्षारजल, घालतो; दूध साकळते व आपल्या पनिरासारखी मऊ वडी होते. दुसरा मुक्काम मिसोच्या वखारीचा. शिजविलेले सोयाबीन, मीठ आणि कोजी, म्हणजे वाफविलेल्या तांदळावर, जवावर किंवा सोयाबीनवरच मुद्दाम वाढविलेली एक जातीची बुरशी, ह्यांचे मिश्रण मोठमोठ्या लाकडी पिंपांत महिनेच्या महिने आंबत ठेवलेले असते. आइची प्रांतातील ओकाझाकी येथे हाच्चो नावाचा काळपट मिसो होतो. हाच्चो म्हणजे आठ चो. ओकाझाकीच्या किल्ल्यापासून आठ चो, म्हणजे सुमारे ८७० मीटर अंतरावरच्या गावी तो होतो म्हणून हे नाव पडले. पिंपांवर दगडांच्या राशी रचून तो दोन उन्हाळे व दोन हिवाळे तसाच ठेवतात. केवळ अंतरावरून पदार्थाचे नाव पडावे आणि ते टिकावे, हीच स्थानिक अन्नाच्या अभिमानाची खूण नव्हे काय?

तिसरा मुक्काम शोयूचा. सोयाबीन व भाजलेले गहू ह्यांवर तीच बुरशी चढवून मिठाच्या पाण्यात मुरविलेला हा काळा रस जपानी स्वयंपाकात आपल्या फोडणीच्या जागी आहे असे म्हटले तरी चालेल. शेवटचा मुक्काम साकेच्या भट्टीचा. तिच्या वळचणीस सुगी वृक्षाच्या डहाळ्यांचा एक मोठा गोळा टांगलेला असतो. तो हिरवागार असला म्हणजे मद्य नवे, आणि तो तपकिरी होत जाईल तसतसे मद्य मुरत चालले असे समजावे. साक्षरतेची गरज नसलेली ही पाटी मोठी सुंदर आहे. साके तांदळाची, तथापि तिच्याही मुळाशी कोजीच आहे. म्हणजे चार मुक्कामांपैकी तीन एका कडधान्याचे, आणि एक बुरशी तीन ठिकाणी उभी!

आता हे सारे जपानी लोकांस आयते मिळाले होते काय? मुळीच नाही. सोयाबीन मूळ चीनकडचे; तोफूची कलाही तिकडूनच आली. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू ह्याने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी ह्यांचे मांस खाण्यास मनाई केली. पुढे कित्येक शतके मांसाविषयीचा हा संकोच कमीअधिक प्रमाणात राहिला. १८७२ च्या जानेवारीत मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा तो उघडपणे मोडला. मधल्या काळात मठांतील भिक्षूंनी शाकाहारी पाकक्रिया वाढविली. झेन पंथाचा आचार्य दोगेन ह्याने १२३७ मध्ये मठाच्या आचाऱ्याची कर्तव्ये सांगणारा एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तांदूळ निवडणे हे ध्यानाइतकेच गंभीर काम होय अशी त्याची दृष्टी होती. १७८२ मध्ये ‘तोफू ह्याकुचिन’ हे तोफूच्या शंभर प्रकारांचे पुस्तक निघाले आणि मठातील अन्न शहरी रसिकांच्या कौतुकाचा विषय झाले. परदेशी बीज, राजाज्ञा, धर्म, छापखाना आणि कारागिरांच्या पिढ्या, इतक्यांनी मिळून एक दाणा ‘जपानी’ केला. स्थानिक अन्न हे स्थानिक जन्मतच नाही. ते स्थानिक करावे लागते.

आता वर्ध्याकडे वळू. जपानशी ह्या भागाचा पहिला संबंध कापसाचा. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा ह्यांच्या साहाय्याने मुंबई ते जपान अशी जपानी आगबोटींची फेरी सुरू झाली आणि आखूड धाग्याचा हिंदी कापूस जपानी गिरण्यांकडे जाऊ लागला. कापूस कच्चा जाई आणि कापड होऊन परत येई. १९३३ साली सरकारने परकी कापडावरील जकात शेकडा ७५ पर्यंत चढविली, तेव्हा जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला. १९३४ च्या करारानंतर तो उठला. शेतकऱ्याच्या पिकाचे भवितव्य दूरच्या दोन राजधान्यांत ठरते, हा धडा तेव्हाचाच आहे.

योगायोग असा की, त्याच १९३३ च्या ऑक्टोबरात निचिदात्सु फुजी हा जपानी बौद्ध भिक्षू वर्ध्यास गांधीजींच्या भेटीस आला. त्याच्या पंथातील एक भिक्षू पुढे सेवाग्रामच्या आश्रमात राहिला. त्यास केशव म्हणत. हातातील लहानसा डफ वाजवून तो आपला मंत्र म्हणे. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरताच त्यास सरकारने पकडून नेले. १९४२ च्या जुलैत जपानी जनतेस लिहिलेल्या अनावृत पत्रात गांधीजींनी जपानच्या आक्रमणाचा कठोर निषेध केला, आणि त्याच पत्रात ह्या भिक्षूची कर्तव्यनिष्ठा व त्याचे हास्य ह्यांची आठवणही काढली. सेवाग्रामच्या प्रार्थनेचा आरंभ त्याच्या मंत्राने होऊ लागला, आणि तो प्रघात त्याच्यामागेही राहिला.

ह्या दोन घटनांच्या मधे तिसरी एक गोष्ट घडली, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तीच मुख्य होय. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजी बजाज ह्यांनी दिलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा ह्यांनी त्याचे काम चालविले. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, ताडाचा गूळ, नीरा हे त्याचे विषय. हातसडीच्या आग्रहास जपानचाही एक दाखला होता. ‘र्‍यूजो’ ह्या जपानी आरमारी जहाजावरील ३७६ माणसांपैकी १६९ जणांस १८८२-८३ च्या सफरीत बेरीबेरी झाला व २५ दगावले. डॉ. ताकाकी कानेहिरो ह्याने १८८४ मध्ये त्याच मार्गाने दुसरे जहाज आहार बदलून पाठविले, तेव्हा १४ च आजारी पडले, मेला कोणी नाही. रोगाचे कारण नत्रयुक्त अन्नाचा तुटवडा, ही त्याची उपपत्ती चुकली होती. खरा दोष सडून पांढऱ्या केलेल्या तांदळात होता. उपपत्ती चुकूनही उपाय बरोबर निघाल्याची उदाहरणे शास्त्रात थोडी नाहीत.

त्याच मगनवाडीत १९३५ साली सोयाबीनचा प्रयोग झाला. गांधीजींनी त्याविषयी ‘हरिजन’मध्ये लिहिले. विनोबांचे वडील नरहरपंत भावे ह्यांनी बडोद्यास स्वतःच्या आहारात सोयाबीन ठेवले होते. बडोदे संस्थानातच अन्नविषयक अधिकारी असलेले एफ. एस. काळे ह्यांचे सोयाबीनवरील इंग्रजी पुस्तक १९३६ साली निघाले; त्यात लागवडीबरोबर देशी पद्धतीचे पदार्थही दिले आहेत. शेकडा ४० च्या आसपास प्रथिने आणि सुमारे २० स्नेह असलेला हा दाणा गरिबाच्या ताटात यावा, ह्याहून उत्तम हेतू कोणता?

तरीही तो आला नाही. कारण शोधण्यास फार लांब जावयास नको. आपण सोयाबीनकडे डाळ म्हणून पाहिले. परंतु डाळीचे गुण त्यात नाहीत. ते तुरीसारखे शिजून एकजीव होत नाही. त्यास एक उग्र वास येतो. कच्चे किंवा अर्धकच्चे खाल्ल्यास त्यातील द्रव्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करतात. चिनी व जपानी लोकांनी हे दोष फार पूर्वी ओळखले आणि दाण्यास गाळून, साकळवून, आंबवून त्यांचा परिहार केला. आपल्याच देशात नागा लोकांचे अखुनी व सिक्कीमकडील किनेमा हे आंबविलेल्या सोयाबीनचेच पदार्थ आहेत. त्यांसही हे रहस्य ठाऊक होते. वर्ध्यास मात्र बी आले, आहारशास्त्र आले. कारागीर आला नाही. जपानी भिक्षूचा डफ आश्रमात राहिला, पण जपानी स्वयंपाकघरातील कोजी काही वर्ध्यास पोहोचली नाही.

आता आपली फेरी अल्लीपुरात आणू. हिंगणघाट तालुक्यातील हे गाव. खरिपात ह्या भागाच्या शिवारात कापूस, तूर आणि सोयाबीन ही पिके डोलताना दिसतात. १९३५ साली जे ताटात येऊ शकले नाही, ते १९८० नंतरच्या काळात शेतात आले. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे १९९४ चे जे. एस. ३३५ हे वाण विदर्भभर पसरले. शंभरेक दिवसांत पीक हाती येते व दिवाळीपूर्वी पैसा दिसतो, हे त्याचे मुख्य आकर्षण. परंतु माळवदाखाली किंवा अंगणात पोती रचली जातात ती बाजार समितीत जाण्यासाठी. तेथून माल कारखान्यात जातो; तेल निघते, पेंड कोंबड्यांच्या खाद्यास व परदेशास जाते. तेच तेल पिशवीत भरून, आणि तीच पेंड वड्यांचे रूप घेऊन, गावच्या किराणा दुकानात परत येते. कापसाचीच कथा पुन्हा!

अल्लीपुरात आपल्या वाटाड्यास दाखविण्यासारखे काही नाही असे मात्र कोणी समजू नये. वर्ध्याकडच्या कोणत्याही गावी रोडगे आणि वांग्याची भाजी आहे, ज्वारीची आंबील आहे, उन्हाळ्यात तीन दिवस गहू भिजवून, रोज पाणी बदलून, चीक काढून केलेल्या कुरडया आहेत, सरगुंडे आहेत. वर्धा शहरी गाईच्या तुपातील गोरसपाक आहे. पेयांपैकी साके येथे चालावयाची नाही, कारण जिल्ह्यात दारूबंदी आहे. पण आंबील आहे. कुरडईसाठी तीन दिवस आंबवणाचा वास ओळखीत बसणाऱ्या गृहिणीस मिसोच्या वखारीतील कारागिराचे काम परके वाटू नये. धीर तोच, दृष्टी तीच. फरक इतकाच की, गव्हाच्या बाबतीत ही कला घरात आहे आणि सोयाबीनच्या बाबतीत दाण्याची व घराची गाठच पडलेली नाही. चुलीपाशी न थांबता दाणा शेतातून थेट काट्यावर जातो.

हा प्रश्न केवळ रुचीचा असता तर त्यासाठी एवढी शाई खर्चण्याचे कारण नव्हते. २०२३ साली पिवळ्या मोझॅक रोगाने विदर्भातील सोयाबीनचे मोठे नुकसान केले. आणि पीक चांगले आले तरी हमीभाव पदरात पडेल की नाही, ही चिंता आहेच. ज्या पिकाचा एक पसाही घरी खपत नाही, त्याचा भाव पडला म्हणजे शेतकऱ्यास ते नुसते ओझे होते. तूर पडत्या भावातही निदान वरण देते. ओकाझाकीच्या मिसोवाल्यासही बाजार आहे, तेजीमंदी आहे. परंतु त्याच्या मालास गावाचे नाव आहे, आणि दाण्याच्या किमतीवर दोन वर्षांच्या श्रमाची किंमत चढलेली आहे. अल्लीपूरच्या दाण्यास नाव नाही. तो पोत्यात पडला की कोणत्याही गावचा होतो.

ह्यावरून अल्लीपुरात उद्याच तोफूची दुकाने काढावी असे सुचविण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. उसनी रुची टिकत नाही, हे मगनवाडीने दाखविलेच आहे. परंतु उसना दाणा आपला होऊ शकतो, हे जपानने दाखविले आहे. आणि मिरची व भुईमूग ह्यांच्या बाबतीत ते आपणही करून दाखविले आहे. ही दोन्ही समुद्रापलीकडून आली. आज त्यांवाचून वऱ्हाडी रस्सा किंवा चटणी कोणास सुचेल? त्यांस कोणत्याही संघाने प्रचारून आणले नाही. कोणा अनाम बाईने पाट्यावर वाटून पाहिले, शेजारणीस चाखविले, आणि काम झाले. सोयाबीन शेतात येऊन चाळीस वर्षे होत आली. ते अजून पाट्यावर यावयाचे आहे.

सेवाग्रामच्या प्रार्थनाभूमीवर आजही प्रथम जपानी मंत्र उच्चारला जातो, आणि म्हणणारांस त्याचे परकेपण जाणवत नाही. कानाने जे इतक्या सहज आपलेसे केले, ते जिव्हेस अशक्य आहे असे मानण्याचे कारण दिसत नाही.