श्रुती, तार आणि आंदोलन



‘आंदोलन’ हा शब्द आपल्या संगीतात दोन अर्थांनी नांदतो. छेडलेली तार सेकंदास जितके हेलकावे घेते ती त्या स्वराची आंदोलनसंख्या. आणि दरबारी कानड्यातील गांधार गायक सावकाश झुलवतो, तेही आंदोलनच. मी भाषेचा अध्यापक, भौतिकशास्त्रात माझा अधिकार नाही. तथापि विसाव्या शतकाच्या आरंभी पेटलेल्या श्रुतिवादाच्या मुळाशी या दोन अर्थांमधील अंतर होते, असे मला वाटत आले आहे. आणि त्या वादाचा एक प्रवेश आपल्या बडोद्यातच घडला.

तारेचा नियम फ्रान्समध्ये मेर्सेनने १६३६ साली ग्रंथबद्ध केला. ताण व जाडी कायम ठेवल्यास तार जितकी आखूड, तितकी आंदोलनसंख्या अधिक. हेलकाव्याचा विस्तार घटत गेला तरी ही संख्या जवळजवळ बदलत नाही. म्हणून तंबोऱ्याचा नाद विरतो, पण उतरत नाही. आपल्याकडे अहोबलाने सतराव्या शतकात ‘संगीतपारिजाता’त वीणेच्या तारेचे भाग पाडून स्वरस्थाने सांगितली. भरताने मात्र बावीस श्रुतींसाठी दोन वीणा आणि कान एवढ्यावरच भिस्त ठेवली होती. त्याने लांबी दिली नाही. वादाला जागा राहिली ती इथे.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी ती भरून काढण्याचे मनावर घेतले. अब्दुल करीमखाँसाहेबांनी स्वर लावावा, देवलांनी तो तारेवर जुळवून लांबी मोजावी! १९१० साली त्यांचा ग्रंथ निघाला. सूक्ष्मता किती? षड्ज २४० आंदोलनांचा धरला, तर गणिताने धैवत ४०० चाही येतो आणि ४०५ चाही. नव्वद सेंटिमीटरच्या तारेवर या दोहोंत सुमारे सात मिलिमीटरचे अंतर. दोन्ही एकदम वाजवा, नाद सेकंदाला पाच वेळा फुगतो व ओसरतो. कान हे निश्चित ओळखतो. देवलांचा हा आग्रह मला आजही निराधार वाटत नाही.

क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाने त्यांची बाजू घेतली, आणि या मापांवर श्रुती-हार्मोनियम बांधला गेला. सयाजीरावांच्या आश्रयाने १९१६ च्या मार्चमध्ये येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा तो चर्चेस आला. जमलेल्या गायकांना त्याचे स्वर पटले नाहीत. पुढे हा प्रसंग देवलांच्या फजितीचा म्हणून सांगितला गेला. तो न्याय नव्हे. धातूची पट्टी एकाच आंदोलनसंख्येवर ठाम राहते. दरबारीचा गांधार त्या संख्येभोवती फिरतो, थांबतो, पुन्हा खाली झुकतो. मोजमाप चुकले नव्हते. मोजण्यासाठी जो स्वर स्थिर धरावा लागला, तो रागात तसा उभाच राहत नव्हता.

परिषदेत भातखंड्यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासावर आपला निबंध वाचला. त्यांनी व्यवहारासाठी बारा स्वर पुरेसे मानले, आणि शाळांमधून तेच शिकवले गेले.