बसवताना झालेली इजा : मोटारीतील स्पीकरच्या दुरुस्तीचा इतिहास

मोटारीतील स्पीकर दोन कारणांनी निकामी होतो. वर्षानुवर्षांच्या वापराने येणारी झीज हे पहिले कारण, आणि तो गाडीत बसवताना हातून होणारी इजा हे दुसरे. झिजेचा विचार कारखान्यातील अभियंत्यांनी सुरुवातीपासून केला. बसवतानाच्या इजेचा भार मात्र प्रामुख्याने दुकानातील कारागिरावर पडला. ही इजा कोणत्या प्रकारची असेल, हे स्पीकर गाडीच्या कोणत्या भागात बसतो आणि तो कोणत्या पदार्थांचा बनलेला आहे यांवर ठरत आले. स्पीकरची जागा आणि घडण जसजशी बदलली तसतशी त्याची दुरुस्तीही बदलली, आणि या बदलांचा माग घेतला असता एका अल्पपरिचित व्यवसायाचा सुमारे नव्वद वर्षांचा इतिहास हाती लागतो.

चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यापासून ध्वनी निर्माण करण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. वेर्नर सीमेन्स यांनी 1874 मध्ये अशा रचनेचे वर्णन केले होते, तर ऑलिव्हर लॉज यांनी 1898 मध्ये इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. तथापि आजच्या स्पीकरचा पाया घातला तो अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने. या रचनेत शंकूच्या आकाराच्या कागदी पडद्याच्या, म्हणजे कोनच्या, टोकाला तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवलेले असते. त्याला व्हॉइस कॉइल म्हणतात. ही कॉइल चुंबकाच्या दोन ध्रुवांमधील वर्तुळाकार फटीत लोंबती असते. तिच्यातून संगीताचा विद्युत्प्रवाह वाहू लागला की ती पुढेमागे हलते आणि तिच्याबरोबर कोन हवेला ढकलतो. फटीत कॉइलच्या दोन्ही बाजूंना उरणारी मोकळी जागा मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते, आणि बसवतानाच्या बहुतेक इजांची गंभीरता या अरुंद जागेतून उद्भवते; कारण चौकट किंचित वाकली किंवा लोखंडाचा एखादा कण आत शिरला तरी कॉइल घासू लागते व आवाज खरखरतो.

कॉइलला फटीच्या मध्यभागी धरून ठेवणाऱ्या भागाला स्पायडर म्हणतात. सुरुवातीच्या अनेक स्पीकरांमध्ये तो पातळ फायबरमधून कापलेला, लवचीक बाहू असलेला तुकडा असे आणि मधल्या ध्रुवावर एका स्क्रूने आवळलेला असे. कॉइल घासू लागली तर हा स्क्रू ढिला करावा, फटीत सभोवार सारख्या जाडीच्या पातळ पट्ट्या सरकवून कॉइल मध्यावर आणावी आणि स्क्रू पुन्हा आवळावा, इतकी ही दुरुस्ती सरळ होती. पुढे घड्या पाडलेली, राळेने ताठ केलेली कापडी चकती स्पायडर म्हणून रूढ झाली आणि ती चौकटीला कायमची चिकटवली जाऊ लागली. या बदलाने स्पीकर स्वस्त व टिकाऊ झाला, परंतु स्क्रू फिरवून इजा दूर करण्याची सोय संपली आणि दुरुस्ती म्हणजे चिकटवलेले सोडवून पुन्हा चिकटवणे असा तिचा अर्थ झाला.

मोटारीत रेडिओ बसवण्याचे प्रयोग 1920 च्या दशकात झाले. पॉल गॅल्विन यांच्या शिकागो येथील कंपनीने 1930 मध्ये ‘मोटोरोला’ या नावाने मोटार-रेडिओ बाजारात आणला, आणि 1932 मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टने युरोपातील पहिला मोटार-रेडिओ तयार केला. त्या काळातील संचाचे भाग सुटे असत, आणि ते बसवण्यासाठी गाडीच्या पत्र्याला छिद्रे पाडावी लागत. या कामात लोखंडाचा चुरा उडणे अटळ होते, तरीही तत्कालीन पुष्कळ स्पीकरांना त्यापासून फारसा धोका नव्हता, कारण त्यांच्यात कायमचुंबक नसून विद्युत्चुंबक असे. लोखंडी गाभ्याभोवतीच्या वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह वाहिला तरच तो प्रभावी होई. संच बंद ठेवून काम केले तर चुरा ओढून घेण्याइतके बळ त्याच्यात उरत नसे.

टोकियो येथील तोकुशिची मिशिमा यांनी 1931 मध्ये निकेल व ॲल्युमिनियममिश्रित चुंबकीय पोलादाचा शोध लावला, त्याच्या आधारे अल्निको नावाचे मिश्रधातू विकसित झाले आणि कायमचुंबकाचे स्पीकर सर्वत्र पसरले. बॅटरीवरचा भार त्यामुळे हलका झाला. मात्र आता स्पीकर अखंड चुंबकीय राहू लागल्याने त्याच्या शेजारी छिद्र पाडणे ही चूक ठरू लागली. 1950 च्या दशकाच्या आरंभी फिलिप्सच्या प्रयोगशाळेतून लोहाच्या ऑक्साइडपासून भाजून केलेले फेराइट चुंबक आले. ते स्वस्त होते, आणि 1978 मध्ये झाईरच्या शाबा प्रांतातील संघर्षामुळे अल्निकोला लागणारे कोबाल्ट महागले तेव्हा मोठ्या उत्पादकांनीही फेराइटचा स्वीकार केला. अल्निकोचा लहान गाभा लोखंडी पात्रात बंदिस्त असे, तर फेराइटची रुंद चकती उघड्यावर असते. तिचे क्षेत्र बाहेर अधिक पाझरते आणि पोलादी पेचकसाचे टोक जवळ येताच ओढले जाते. हातातून निसटलेल्या पेचकसाने कागदी कोन फाटणे ही इजा याच कारणाने वारंवार घडू लागली.

मुंबईत ध्वनिविषयक कारागिरी रुजण्याला रेडिओ आणि बोलपट या दोहोंचा हातभार लागला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले आणि 14 मार्च 1931 रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. चित्रपटगृहातील स्पीकर महाग असत आणि खेळ बंद ठेवणे परवडणारे नसे. त्यामुळे चुंबक व चौकट कायम ठेवून कोन, कॉइल आणि स्पायडर बदलण्याची पद्धत या क्षेत्रात जगभर रूढ झाली, आणि मोटारीतील स्पीकरच्या दुरुस्तीने तीच उचलली. ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, हा चित्रपटगृहांचा आणि रेडिओच्या सुट्या भागांचा रस्ता म्हणून नावारूपाला आला. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीने हेच स्थान मिळवले.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, आणि अँबॅसिडर या गाड्यांत मागच्या काचेखालच्या फळीवर लंबगोल स्पीकर बसवण्याची रीत पडली. 1980 च्या दशकात कॅसेटचा प्रसार झाला, डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली, आणि गाडी घेतल्यावर टेप व स्पीकर बाहेरून बसवून घेणे हा मध्यमवर्गीय कुटुंबांचा परिपाठ झाला. फळीला हाताने छेद घेतला जाई, तो नेहमी सपाट नसे, आणि पातळ पत्र्याची लांबट चौकट तिच्यावर स्क्रूंनी एका बाजूने आधी आवळली की पिळवटून जाई. काचेतून येणारे ऊन आणि पावसाळ्यातील दमट हवा यांनी कागद व फोमची कड आधीच कमजोर झालेली असल्याने जुना स्पीकर काढून दुसऱ्या गाडीत बसवताना तो फाटण्याची शक्यता आणखी वाढे.

या इजांवर कारागिरांनी जे उपाय योजले त्यांमध्ये स्पीकरच्या रचनेची नेमकी जाण दिसते. फाटलेल्या कागदी कोनावर पातळ टिश्यू कागद आणि पाणी घालून सैल केलेला फेविकॉल यांचे ठिगळ लावले जाते. ते शक्य तितके हलके ठेवावे लागते, कारण कोनाचे वजन एका बाजूला वाढले तर तो वाकडा हलतो. फटीत शिरलेला लोखंडी चुरा फुंकून निघत नाही, म्हणून चिकटपट्टी पातळ पट्टीवर गुंडाळून ती फटीत फिरवावी लागते. कॉइलपर्यंत प्रवाह नेणारी वेणीसारखी लवचीक तार तुटली तर ती नव्याने जोडताना डाग देण्याचे कथील तिच्या धाग्यांत पसरू देता येत नाही, कारण ताठ झालेली तार थोड्याच दिवसांत पुन्हा तुटते. पिळवटलेल्या चौकटीसाठी स्क्रू ढिले करून खाली प्लायवूडचे सपाट कडे देणे आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळणे हा उपाय आहे. तपासणी बोटांनीच होते: कोन सर्व बाजूंनी समान दाबून घासण्याचा आवाज येतो का हे ऐकायचे, आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर जोडून तो बाहेर झेपावतो की आत जातो यावरून धन-ऋण टोके ठरवायची.

कॉइल जळाली किंवा तिचा आकार बिघडला असेल तर संपूर्ण नवा संच बसवावा लागतो. जुना गोंद थिनरने मऊ करून खरवडायचा, फट स्वच्छ करायची, नवी कॉइल सारख्या जाडीच्या पट्ट्यांनी मध्यावर धरायची, मग क्रमाने स्पायडर व कोन चिकटवायचे, गोंद पुरता वाळू द्यायचा, पट्ट्या ओढून काढायच्या आणि सर्वांत शेवटी मधली टोपी, म्हणजे डस्ट कॅप, बसवायची. टोपी शेवटी ठेवण्याचे कारण असे की पट्ट्या काढण्याची वाट तिच्याखालूनच जाते. मोटारीतील स्पीकरचा विद्युत्रोध साधारणतः चार ओहम ठेवला जातो, कारण बारा व्होल्टच्या बॅटरीवरून पुरेशी शक्ती मिळवायची तर रोध कमी असावा लागतो. त्यामुळे घरगुती आठ ओहमची कॉइल त्यात घालून चालत नाही, हेही कारागिराला ठाऊक असावे लागते.

स्पीकर दरवाजात गेला तेव्हा इजांची यादी पुन्हा बदलली. चुंबक जाड असेल तर खाली उतरणारी काच त्याला धडकते, लांब स्क्रू आतल्या यंत्रणेत अडकतो, आणि बिजागरीजवळ चिमटलेल्या तारा एकमेकींना टेकतात. याच सुमारास पदार्थही बदलले होते. 1970 च्या दशकात बीबीसीच्या संशोधनातून पुढे आलेला पॉलिप्रॉपिलीनचा कोन पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे तो दरवाजासाठी योग्य ठरला. परंतु त्याच गुणामुळे नेहमीचा गोंद त्याला धरत नाही आणि फाटलेल्या जागी ठिगळ टिकत नाही. कारखान्यातूनच स्पीकर बसवून येऊ लागले, काही गाड्यांत ते रिव्हेटने जोडले गेले, चौकटी प्लास्टिकच्या झाल्या, आणि दुरुस्तीची मजुरी नव्या स्पीकरच्या किमतीला जाऊन भिडली. आज कोन बदलून घेण्याचे काम मुख्यतः मोठे वूफर आणि सार्वजनिक ध्वनिव्यवस्थेचे स्पीकर यांच्यापुरते उरले आहे.

या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे सिद्ध होते: वस्तू दुरुस्त होईल की नाही हे ती घडवतानाच पुष्कळसे ठरते, आणि उरलेले तिच्याकडे पाहणारे जाणते हात ठरवतात. दोहोंपैकी एक बाजू ढासळली की दुसरी फार काळ तग धरत नाही. चिकटवलेली रचना कारागिराला निरुपयोगी करते आणि कारागीर उरला नाही की दुरुस्त होण्याजोगा स्पीकरही भंगारात जातो. भारत सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत वाहनांचाही समावेश केला, हे स्वागतार्ह आहे; परंतु सुटे भाग आणि माहितीपुस्तिका उपलब्ध झाल्या तरी ठिगळ किती हलके असावे आणि कॉइल कधी मोकळी झाली, हे ज्ञान कागदावर क्वचितच उतरले आहे. लॅमिंग्टन रोड आणि तपकीर गल्ली येथील जुन्या कारागिरांकडून त्यांच्या पद्धती, अवजारे आणि पदार्थ यांची पद्धतशीर नोंद करून घेणे हे मराठीतील तंत्रविद्येच्या इतिहासलेखनाचे तातडीचे काम आहे, कारण ही विद्या एका पिढीने दुसरीला शेजारी बसवून शिकवली आहे आणि शिकण्यासाठी शेजारी बसणारे आता कमी होत आहेत.