बटाट्याच्या ताटलीतला पहारा

डांग्या खोकला म्हटले की जुन्या पिढीतल्या आई-आजींच्या अंगावर आजही काटा येतो. उबळ आली की मूल काळेनिळे पडे. त्रिगुणी लसीने हे चित्र पालटले, पण जंतू काही गेलेला नाही.

ब्रुसेल्सच्या पाश्चर संस्थेत ज्यूल बोर्दे आणि ऑक्ताव्ह झांगू यांनी १९०६ साली हा जंतू प्रथम वाढवला. तो मोठा नखरेल. त्याच्यासाठी त्यांनी बटाट्याचा अर्क, ग्लिसरीन आणि रक्त यांचे खास खाद्य तयार केले. काचेच्या ताटलीत जंतू दिसायला चार-पाच दिवस, कधी आठवडाही लागे.

१९५२ साली एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आले आणि पुढे डांग्या खोकल्याचे नेहमीचे औषध ठरले. उबळ एकदा जोरात सुरू झाली की ते तिला फारसे आवरत नाही, पण घरातल्या इतरांना होणारा संसर्ग थांबवते. या जंतूवर ते चालणारच, असे सारे गृहीत धरून होते.

१९९४ साली अमेरिकेत अ‍ॅरिझोनातील युमा येथे एका तान्ह्या बाळावर ते चालले नाही. ताटलीत वाढवलेला जंतू औषधाला दादच देईना. पुढे कारण उमगले. जंतूच्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेत एकच अक्षर बदलले होते आणि औषधाला तिथे पकड मिळत नव्हती. चीनच्या शांडोंग प्रांतात २०११ साली असेच जंतू मिळाले. नंतर तिथल्या अनेक शहरांत त्यांचाच वरचष्मा झाला, आणि ते जपानमध्येही आढळले.

दुसरे औषध आहे, नाही असे नाही. पण को-ट्रायमोक्साझोल दोन महिन्यांच्या आतील बाळाला सहसा देत नाहीत, आणि या आजारात सर्वाधिक धोका त्याच बाळांना असतो!

आता पीसीआर चाचणी काही तासांत निदान करते. ही मोठी सोय आहे. मात्र निदान झाले की जंतू वाढवण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. ओळखीचा बदल नव्या चाचण्यांनी थेट शोधता येतो, पण अनोळखी बदलाचे काय? जिवंत जंतूसमोर औषध ठेवल्याशिवाय तो कळायचा नाही. म्हणून देशोदेशीच्या काही प्रयोगशाळांनी तरी ती जुनी, वेळखाऊ ताटली मोडीत काढू नये. युमाच्या बाळाचे औषध का चालले नाही, याचे उत्तर तिनेच दिले होते.